बुवांचा दम

संध्याकाळच्या गाण्याआधी तरतरी हवी म्हणून दिगंबरबुवांनी घरी येऊन सलाईन लावणाऱ्या सिस्टर रेणुकाबाईंना बोलावलं. बाईंनी आधी त्यांचे पाय पाहिले.

"सूज आहे, बुवा. धापही लागत असेल, तर सलाईनच्या पाण्याने हृदयावर ताण येईल; मी लावणार नाही."

"धाप आणि मला? अहो, जिल्ह्यात माझ्याइतका दम कोणाचा नाही." बुवांनी बाही वर केली.

"मग एक ओळ एका दमात ऐकवा. लगेच लावते."

बुवांनी सूर लावला आणि अर्ध्या ओळीतच त्यांचा श्वास तुटला. भिंतीवरच्या बायकोच्या तसबिरीकडे बघत ते म्हणाले, "इथून पुढे आमची इंदू म्हणायची."

"त्या आज असत्या, तर तुम्हाला गायला पाठवलं असतं की डॉक्टरांकडे?"

बुवांनी बाही हळूच खाली घेतली.