पाळलेलं शेवाळ

“ते सगळं ठीक आहे हो. पण मारायचं कसं?”

निरंजन वाळिंबेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

वस्ताचाचा बटर चहात बुडवत होते. बोलायला गेले असते तर बटर मऊ होऊन कपात पडलं असतं. म्हणून त्यांनी आधी बटर खाल्लं.

इब्राहिम वस्ता रत्नागिरीचे. तीस वर्षं त्यांनी एका मत्स्यालयात खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या. आता घरीच असतात. घरात काचेच्या टाकीत समुद्र भरून ठेवणारे लोक बिघडलं की त्यांच्याकडे येतात. बहुतेक जण एकदाच येतात.

निरंजन पुण्याहून आला होता. वडील चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या डायरीत एका पानावर फोन नंबर होता आणि पुढे दोनच शब्द. वस्ता, शेवाळ.

टेबलावर त्याने आणलेली बाटली होती. बाटलीत हिरवं, केसांसारखं काहीतरी तरंगत होतं.

“मी पाण्यातलाच माणूस आहे, चाचा,” निरंजन म्हणाला. “बडोद्याला बारा वर्षं जलशुद्धीकरणात काढली. दोन लाख लोक माझं पाणी प्यायचे.”

“बरे आहेत ना?”

“कोण?”

“लोक.”

निरंजनने ते ऐकलं नाही असं दाखवलं. “ब्रशने घासलं. तीन औषधं घातली. फिल्टर नवा बसवला. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. एवढं करून आठ दिवसांत पुन्हा दुप्पट.”

चाचांनी बाटली थाळीत उपडी केली. टाचणीने एक धागा ओढून बघितला.

“लाल साय असती तर पापुद्र्यासारखी निघाली असती. ती पाणी फिरलं नाही की धरते. तपकिरी धूळ नव्या टाकीत येते, तिची ती जाते. हे हिरवे केस आहेत, साहेब. हे जेवणावर वाढतात.” त्यांनी धागा नाकाशी नेला. “कोळंबी घालता?”

“हो. मिक्सरमधून काढून.”

“किती वेळा?”

“पाच.”

“आठवड्यातून?”

“दिवसातून.”

“आणि मासे किती?”

“दोन.”

चाचांनी टाचणी खाली ठेवली.

“पोहतात का अजून? की नुसते ढेकर देतात?”

निरंजन हसला नाही.

“दिवा किती तास?”

“बंदच करत नाही.”

“का?”

निरंजनने बाटलीचं झाकण फिरवत बसून घेतलं.

“का, साहेब?”

“सांगतो. पण हसू नका.”

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला होता. कावळा समोरच्या कठड्यावर बसलेला, पण खाली येईना. निरंजन हात जोडून म्हणाला, बाबा, आईला मी सांभाळीन. कावळा हलला नाही. बडोदा सोडून पुण्याला येईन. कावळ्याने चोच पुसली. मागून काका ओरडले, “अरे आठव की नीट, त्यांचा जीव कशात होता!” निरंजन आठवत राहिला. त्याला काही आठवेना. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. पाठीमागे दुसरी मंडळी खोळंबली होती.

“मग मी असंच म्हटलं, मासेही सांभाळीन.” निरंजन म्हणाला. “पुढचं वाक्य तोंडातच होतं. तेवढ्यात तो झेपावला.”

चाचा हसले नाहीत. जमलं त्यांना ते.

“आई शेजारीच उभी होती, चाचा. तिच्यासाठी नाही आला. माशांसाठी आला.”

त्याने थाळीतला हिरवा धागा बोटाने बाजूला सारला.

“मी ते मासे आधी धड बघितलेही नव्हते. आता नोकरी सोडून पुण्यात राहतोय. पाच वेळा भरवतो. अंधारात नको म्हणून दिवा ठेवतो. आणि बाबांचं प्रवाळ एकेक करून गेलं. मुठीएवढा एक तुकडा उरलाय, त्यांनी नऊ वर्षं वाढवलेला. त्याच्यावरही हे केस चढलेत. मासे तळाशी बसून असतात. आयुष्यात बाबांना एकच शब्द दिला, तोही ते गेल्यावर. तेवढा तरी...”

चाचा उठले.

“चल.”

इतका वेळ ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ चाललं होतं. ते संपलं.

आतल्या खोलीत चाचांची टाकी होती. पाणी इतकं नितळ की काच आहे का नाही ते कळेना. निरंजनने खात्री करायला बोट पुढे केलं आणि काचेवर डाग पाडला.

“औषध कुठलं घालता?”

चाचांनी टाकीमागचा पडदा बाजूला केला. मागे एक प्लॅस्टिकचा टब होता. टाकीतलं पाणी पाइपातून टबात येत होतं आणि फिरून टाकीत जात होतं. टबावर दिवा लावलेला. आणि टबात हिरव्यागार शेवाळाचा एवढा मोठा गुंता, की गादी भरता आली असती.

“अहो, हे तर शेवाळ!”

“हो.”

“तुमच्याकडे?”

“पाळलंय.”

“पाळलंय?”

“पुढचं शेवाळ जे खातं, तेच हेही खातं. ह्याला मागे जागा दिली, दिवा दिला, म्हणून पुढे काही उरत नाही. दर जुम्म्याला मूठभर काढून टाकायचं.”

चाचांनी निरंजनची बाटली धुतली, टबातलं पाणी भरलं, आणि त्यात मूठभर गुंता कोंबला.

निरंजन बघत राहिला. “म्हणजे मी पुण्याहून शेवाळ घालवायला आलो, आणि तुम्ही मला शेवाळ देताय.”

“तुझ्या शेवाळापेक्षा चांगलं आहे हे.”

बाटली हातात आली. जड होती.

“जुने केस हातानेच उपट. ब्रश लावलास की तुकडे टाकीभर पसरतात. दिवा आठ तास. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. एखादा दिवस विसरलास तरी चालेल.”

“उपाशी ठेवू त्यांना? शब्द दिलाय मी.”

“सांभाळायचा दिलायस. जेवणावळी घालायचा नाही.”

निरंजन दारापर्यंत गेला आणि थांबला.

“तुकडा वाचेल?”

“बघू.”

“बाबांची टाकी... ती कधी अशी झाली होती?”

“चारदा.”

निरंजनचा चेहरा जरा सैल झाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. “म्हणजे त्यांचंही चुकायचं तर!”

“चुकायचं म्हणजे? अशीच बाटली घेऊन यायचे. विचारलं की तेच. कोळंबी, दिवसातून पाच वेळा. मी चिडायचो. म्हणायचो, सर, तुम्ही मास्तर माणूस, तुम्हाला किती वेळा शिकवायचं? सर नुसते हसायचे.”

“पण त्यांना तर सगळं माहीत होतं. मग का घालायचे?”

चाचांनी त्याच्या हातातली बाटली परत घेतली. झाकण सैल होतं, ते घट्ट लावलं. बाटली परत दिली.

“दिवाळीला येतोय म्हणून कळवायचास ना तू. त्या आनंदात. टाकीला घालायचे, घालून झालंय ते विसरायचे, पुन्हा घालायचे.”

बाहेर कुणीतरी सुके बांगडे पालथे घालत होतं.

“मग?” निरंजनने विचारलं. “मग पाणी साफ कसं व्हायचं?”

“तू यायचा नाहीस.”