टेबलाच्या अलीकडचा माणूस

“पण चेहराच दिसला नाही, तर लोकांना कळणार कसं मास्तर, की हाच तो यूदा?”

रेमेद तुस्कानो स्टुलावर उभा राहून विचारत होता. हातात ब्रश, दाढीला निळा रंग. समोर नऊ फुटी कॅनव्हासवर येशूचं शेवटचं भोजन. येत्या पवित्र गुरुवारी, म्हणजे त्या भोजनाच्याच दिवशी, ते गावच्या चर्चमध्ये लागायचं होतं.

खाली बाकावर दुमिंगमास्तर बसले होते. रेमेदला पेन्सिल धरायला शिकवली ती त्यांनी. वय एक्याऐंशी, नजर मात्र ससाण्याची.

मी चौकटीचं माप घ्यायला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर हे चित्र नाही, असं ख्रिस्ती घर आमच्या वसईत शोधावं लागतं. आजवर शेकड्यांनी मढवून दिली. गिऱ्हाईक परत येतं ते एकच तक्रार घेऊन, काचेवर आमटी उडाली म्हणून. यूदाकडे कुणी निरखून बघत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी बघितलं, आणि टेप हातातच राहिली.

येशूला शत्रूच्या हवाली करणारा तो शिष्य... त्याचा चेहरा बल्थजारचा होता. रेमेदच्या सख्ख्या थोरल्या भावाचा. भुवईवरच्या खुणेसकट.

“जुने इटालियन चित्रकार असंच करायचे,” रेमेद मला ऐकवत होता. “बाकी सगळे टेबलाच्या पलीकडे. यूदा एकटा अलीकडे. हे इथे कुणाला माहीत आहे? कुणाला नाही!”

“अलीकडे बसलाय,” मास्तर म्हणाले, “म्हणजे पाठ आपल्याकडे हवी.”

“मान वळवलीय ना मी त्याची.”

“घुबडाची बसवलीस. माणसाची मोडेल.”

मला हसू आलं. रेमेदला नाही आलं.

“मोडू दे,” तो म्हणाला. “बाबा अंथरुणाला खिळलेले असताना त्यांचा अंगठा घेतला त्याने. अख्खी केळीची वाडी स्वतःच्या नावावर. मी मुंबईत शिकत होतो. चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकावर बसतो ना? बसू दे. बघू दे.”

“शेजारी तुझी आई बसते.”

रेमेदने ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. बराच वेळ ढवळत राहिला.

“बल्थजार काल माझ्याकडे आला होता,” मास्तर म्हणाले. “गुरुवारी जेवायला ये, असा आईचा निरोप आहे.”

“मी त्या टेबलावर जेवत नाही.”

“किती वर्षं?”

“सहा.”

“शेवटचा कधी जेवलास?”

“बाबा गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्यांची मिस्सा होती, त्या दिवशी.” रेमेद थांबला. “जेवलो कुठे... अर्ध्या ताटावरून उठलो. आई दारापर्यंत मागे आली होती.”



मास्तर गुडघ्यावर हात टेकत उठले. टर्पेंटाइनचा बोळा घेतला, कॅनव्हासपाशी गेले, आणि बल्थजारचा चेहरा पुसून काढला. नाक, भुवई, खूण... सगळं. दोन दिवसांचं काम दोन फटक्यांत गेलं.

“मास्तर!”

“ओरडू नकोस. रंग ओला होता.”

रेमेद स्टुलावरून खाली वाकला. मला वाटलं, हा आता म्हाताऱ्याला ढकलतो की काय. मी उगाचच टेप गुंडाळायला लागलो.

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “पाठ तर पाठ. पण तुम्हीच शिकवलंत, समोर माणूस बसवल्याशिवाय कानाची पाळीसुद्धा काढायची नाही. आता पाठीसाठी कुणाला बसवू? या शेटना?”

मी घाईघाईने म्हटलं, “माझी पाठ नऊ फुटांत मावायची नाही, बाबा.”

मास्तरांनी रेमेदच्या पायाखालचं स्टूल मागितलं. तो उतरला. मास्तरांनी ते कॅनव्हाससमोर ठेवलं, अगदी जवळ, टेबलाची ती अलीकडची जागा होती बरोबर तिथे.

“बस.”

“मी?”

“पाठ आहे ना तुला?”

रेमेद बसला. हट्टाने, ताठ. मास्तर त्याच्या मागे गेले. कोळशाची कांडी उचलली, एक डोळा मिटून खांदे मापले, मग बाजूने पुढे होऊन कॅनव्हासवर रेघ ओढली. परत मागे. परत पुढे.

कोळशाचा आवाज तेवढा येत होता.

रेमेद आता आपल्याच चित्राकडे बघत होता. चार महिने त्याने ते स्टुलावरून पाहिलं होतं, दारातून पाहिलं होतं, आरशात उलटं करून पाहिलं होतं. इथे बसून कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर भाकर होती. पलीकडे मधोमध येशू. त्याचा उजवा हात ताटांवरून पुढे आलेला, बोटांत यूदाला देऊ केलेला घास.

हळूहळू ती ताठ पाठ वाकली.

“थोडं पोक आलं,” मास्तर पुटपुटले. “चांगलं आहे. तसंच ठेव.”

“मास्तर...”

“हं.”

“तो घास... तो माझ्याकडेच येतोय.”

“तूच काढलायस,” मास्तर म्हणाले. “हलू नकोस. या वेळी तरी उठू नकोस.”