चाकापुढचा फलक

अवकाळी पाऊस होऊन गेला आणि शेलवाडीच्या मळ्याच्या वाटेत उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट रुतून बसली. ऊसतोड टोळीची मुकादम केराबाई. तिनं ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडवली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली उसाच्या शेंड्यांचं वाढं घातलं, पाचट घातलं. चिखलानं सगळं गिळलं. कारखान्यात दुपारचा नंबर होता, आणि तोडलेला ऊस उन्हात वाळत चालला होता.

इतक्यात सरपंच विश्वासराव आले. पांढऱ्या कपड्यांवर शिंतोडा नको म्हणून लांब बांधावरच उभे राहिले.

"रस्ता मी पक्का करून दिलाय. तुमच्या ड्रायव्हरलाच चालवता येत नाही. तिथं फलक लावलाय, वाचा जरा."

केराबाईनं वळून पाहिलं. वाटेच्या कडेला दाराएवढा लोखंडी फलक उभा होता : 'सिमेंट रस्ता, काम पूर्ण.' तिनं तो सावकाश वाचला, मान डोलावली आणि टोळीतल्या चौघांना हाक मारली. चौघांनी फलक उपटून रुतलेल्या चाकापुढं आडवा टाकला. चाकानं लोखंड धरलं आणि ट्रॅक्टर गुरगुरत कोरड्यावर आला. मग साखळी लावून ट्रॉलीही ओढून काढली.

सरपंचांचा चेहरा लाल झाला. "माझा फलक चिखलात घातला?"

केराबाई पदराला हात पुसत म्हणाली, "रस्ता हाय म्हणून तुमीच सांगितलं, सरपंच. आमी हुडकला, तर एवढाच घावला. मागनं अजून दोन ट्रॉल्या यायच्यात, तवर ऱ्हाऊ द्या रस्ता हितंच."