चित्राच्या मधोमध

फार जुन्या काळी एका रानात एक खार सागाच्या पानांवर जांभळाच्या रसाने चित्रं काढायची आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून पाणवठ्याजवळ टांगायची. रानबोका ती चोरून पलीकडच्या रानात स्वतःची म्हणून मिरवायचा. खारीने कोपऱ्यात पंजाचा ठसा उमटवला, तर त्याने कोपराच कुरतडला.

"आता टांगूच नकोस, खारूताई," साळुंकी म्हणाली.

"टांगणार! लपवायला का काढते मी?"

खारीने नव्या चित्राच्या ऐन मधोमध ठसा दाबला. चित्र थोडं बिघडलं, तिला वाईटही वाटलं, पण ती मागे हटली नाही.

आता ठसा कुरतडला तर चित्रच उरत नव्हतं. बोक्याने ते तसंच नेलं.

पलीकडच्या हत्तिणीने पान निरखून विचारलं, "बोकोबा, तुमचा पंजा एवढा चिमुकला कधीपासून झाला?"