टोपड्याचा शेवटचा टाका

ज्या काळी दोराही आपले मत बोलून दाखवी, त्या काळातली ही हकीकत आहे. द्वारकाकाकू बारशासाठी क्रोशाचे टोपडे विणत होत्या. या विणकामाची रीत अशी की, सुईवर एका वेळी एकच टाका बसतो. त्याच्या पोटातून दोरा ओढला की नवा टाका जन्मतो आणि जुना खाली उतरतो.

एके दुपारी सुईवर बसलेल्या टाक्याला ही रीत मान्य होईना. तो म्हणाला, "टोपडे पूर्ण झाले. माझ्यानंतर आणखी कोणाची गरज नाही."

"अहो, बाळाचे दोन्ही कान अजून उघडे आहेत!" खालचा टाका म्हणाला. "मीही वर असताना हेच भाषण केले होते."

"तुम्ही ढिले होतात, म्हणून उतरलात," असे म्हणत त्याने सुईला गच्च मिठी मारली.

काकूंनी दोरा ओढून पाहिला, पण तो काही टाक्याच्या पोटातून निघेना.

"काय गं द्वारका, अडलं का?" शेजारच्या मथूताईंनी विचारले.

"मेला एक टाका आवळून बसलाय."

"मग उसव की! त्यात काय एवढं?"

काकूंनी सुई उपसून काढली आणि दोऱ्याला हलका हिसका दिला. टाका होता तिथे नुसता दोरा उरला. त्याच दोऱ्याचा त्यांनी, जरा सैल हाताने, पुन्हा टाका घातला.

"आपण ओळखीचे वाटता," खालचा टाका म्हणाला.

"छे, मी आत्ताच आलो," तो घाईघाईने म्हणाला आणि मागच्या दोऱ्याला हाका मारू लागला, "या, या! अंग चोरू नका, असे मधून या. जागा भरपूर आहे."