लाल इटलीची, रुपेरी जर्मनीची

कोल्हापुरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं आणि करंडकासाठी शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक कारखानदार सयाजीराव खर्डेकरांची, लाल, इटलीची. दुसरी डॉक्टर मृणालिनी शिरगावकरांची, रुपेरी, जर्मनीची. दोन्ही साठ वर्षांपूर्वीच्या दुर्मिळ स्पोर्ट्स कार. सरस कोणती, हे दस्तगीर मिस्त्रींनी सांगायचं होतं. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं खोलली होती, पण त्यांच्या गॅरेजची जागा खर्डेकरांची होती.

"विचार करून सांगा, मिस्त्री," खर्डेकर सगळ्यांदेखत म्हणाले. "पुढच्या महिन्यात जागेचा करार संपतोय."

मिस्त्रींनी दोन्ही बॉनेट उघडून पाहिली, हात पुसले आणि म्हणाले, "उभ्या गाडीचं काय सांगणार? दोन्ही पन्हाळ्यापर्यंत नेऊन आणतो."

डॉक्टरांनी लगेच किल्ली दिली. खर्डेकरांनी आपली खिशातच घट्ट धरली.

"वेड लागलंय का? चढावर बंद पडली म्हणजे?"

"मग निकाल लागला, साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "बाईंचा त्यांच्या गाडीवर भरवसा आहे. तुमचा तुमच्या गाडीवर नाही. मी कशाच्या जोरावर तिला पहिली म्हणू?"

मंडपात हशा पिकला. करंडक डॉक्टरांना मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्डेकर लाल गाडी घेऊन गॅरेजवर आले. त्यांनी जागेच्या नव्या करारावर सही केली आणि किल्ली पुढे धरली.

"चला पन्हाळ्याला. पण हळू चालवा."

"हळू जायला माझी स्कूटर आहे की, साहेब," मिस्त्री म्हणाले आणि गाडीत बसले.