जेडची बांगडी

सांगलीचा बांगडीवाला धनपाल शेठ बोलायला लागला की गारगोटीलाही पाचूचा भाव यायचा. शेवंताचा नवरा छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडलेला. शेठ म्हणाला, "बाई, हा हिरवा दगड, अस्सल जेड, हातात घाला, धन्याचं काळीज शांत होईल. गालाला लावून बघा, गार लागला की खरा!"

गार लागला. लागणारच, शेठनं बांगडी बर्फाच्या डब्यातून काढली होती! हसू नका, तुम्हीही फसला असता. शेवंतानं औषधाचे पैसे मोजून ती हिरवी बांगडी घेतली.

दवाखान्यात नळावर हात आपटला नि बांगडीचे तीन तुकडे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पाथरवट तुकडा उजेडात धरून म्हणाला, "पोरी, आत बुडबुडे आहेत. ही काच. खरा जेड हातोडीला दमवतो."

संध्याकाळपर्यंत औषध हवंच होतं. ती धावत दुकानात आली. शेठनं पाटीकडे बोट केलं. "फुटलेला माल परत घेत नाही. वाचता येतं ना?"

दुकानात चार सवाष्णी बांगड्या भरायला बसल्या होत्या.

"येतं की," शेवंता म्हणाली. "पण शेठ, सवाष्णीची बांगडी फुटते का कधी? ती वाढते. माझा धनी जिवंत आहे. म्हणा या बायकांसमोर, माझी बांगडी फुटली म्हणून!"

चौघींनी हात मागे घेतले. शेठच्या तोंडचं पाणी पळालं. "छे छे, वाढली हो बाई, वाढली!"

"मग ती पाटी मला लागू नाही. पैसे काढा."

आजचं औषध मिळणार होतं. उद्याचं कोण सांगणार? दुकानाची पायरी उतरताना तिला फुटलं ते रडूच.